वाचकांचे प्रश्न : लाल बसने लंडनची झपाटलेली ठिकाणं

ऑक्टोबरच्या अखेरीस लंडनला मुलाबाळांकडे जाणाऱ्या आणि तिथेच स्थायिक झालेल्या वाचकांकडून हॅलोविनबद्दल बरीच पत्रं आली आहेत. बहुतेकांना एकच गोष्ट विचारायची आहे : गाडी नाही, टॅक्सी परवडत नाही, तर साध्या लाल बसने शहरातली 'झपाटलेली' ठिकाणं बघता येतील का? येतील, आणि छान बघता येतील. निवडक प्रश्नांची उत्तरं पुढे देत आहोत. नोंदलेला इतिहास कुठे संपतो आणि दंतकथा कुठे सुरू होते, तेही जागच्या जागी सांगितलं आहे.

प्रश्न : मुलगा हॅरोला राहतो. ३१ ऑक्टोबरला संध्याकाळी सहाला सगळे मिळून निघायचं आणि टॉवर ऑफ लंडन हा जुना किल्ला, हायगेटची दफनभूमी, ग्रिनिचचं क्वीन्स हाउस अशी तीन ठिकाणं करायची असा बेत आहे. जमेल का? (एक वाचक, पुणे)

नाही जमणार. सहाला निघालात तर तिन्ही ठिकाणांची दारं बंद मिळतील. हॅलोविनच्या बेतात सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळं एक तास मागे घेतात. त्यामुळे ३१ ऑक्टोबरला लंडनमध्ये सूर्य साधारण चार पस्तीसला मावळतो आणि सव्वापाचपर्यंत मिट्ट काळोख झालेला असतो. तुम्ही म्हणता ती तिन्ही ठिकाणं दुपारी उशिरा बंद होतात आणि शेवटचा प्रवेश त्याच्याही आधी थांबतो. हिवाळी वेळापत्रक लागलं की वेळ आणखी अलीकडे येते. आत जायचं ते उजेडात आणि बाहेरून बघायचं ते काळोखात, अशीच आखणी करावी लागते.

एका दिवसात आतून एकच ठिकाण घ्या आणि अंधार पडल्यावर बाहेरून बघायची दोन किंवा तीन. टॉवरला तीन तास सहज जातात, हायगेटला दोन. ग्रिनिच तर दिवसभराचा वेगळाच बेत आहे. वॉटर्लूहून १८८ नंबरची बस तिथे जाते, पण वाहतूक असेल तर तासभर धरून चाला. शिवाय शाळांना ऑक्टोबरची आठवडाभराची सुट्टी बहुधा याच सुमारास असते, त्यामुळे टॉवरचं तिकीट आधीच काढून ठेवा. दारावर जाऊन घेऊ म्हणाल तर रांगेतच दुपार जाईल.

प्रश्न : बसचं तिकीट कसं काढायचं? कंडक्टर असतो का? आमच्यासोबत आठ आणि बारा वर्षांची नातवंडं आहेत. (एक आजोबा, ठाणे)

कंडक्टर नसतो आणि रोख पैसेही चालत नाहीत. जुलै २०१४ पासून लंडनच्या बसमध्ये नोटा-नाणी घेणं बंद झालं आहे. पुढच्या दाराने चढायचं आणि ड्रायव्हरजवळच्या पिवळ्या यंत्रावर ऑयस्टर कार्ड (लंडनच्या प्रवासासाठी आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड), कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड किंवा फोन टॅप करायचा. उतरताना टॅप करायचं नाही, ते फक्त मेट्रोला.

२०२५ मध्ये बसचं तिकीट १.७५ पौंड होतं, अंतर कितीही असो. पहिल्या टॅपपासून एक तासाच्या आत दुसऱ्या, तिसऱ्या, कितीही बसमध्ये चढलात तरी पुन्हा पैसे पडत नाहीत. याला 'हॉपर' म्हणतात. फक्त बस-ट्रामने फिरलात तर दिवसाला कमाल ५.२५ पौंड कापले जात. निघण्यापूर्वी चालू दर एकदा पाहून घ्या.

हॉपर हुकतो तो दोन कारणांनी. पहिलं म्हणजे सकाळी फोन टॅप केला आणि दुपारी पाकिटातलं कार्ड. बँक खातं एकच असलं तरी यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी कार्डं असतात, म्हणून दिवसभर एकच वापरा. दुसरं म्हणजे तास मोजला जातो टॅपपासून टॅपपर्यंत. शेवटच्या बसमध्ये एकोणसाठाव्या मिनिटाला चढलात तर पुढे ती बस कितीही वेळ चालो, हरकत नाही. पण पहिल्या बसमध्येच तास संपला तर पुढची नव्याने धरली जाते.

एका कार्डावर एकच माणूस. आजी-आजोबा दोघांना मिळून एक कार्ड चालणार नाही. भारतातून कार्ड नेत असाल तर ते व्हिसा, मास्टरकार्ड किंवा अमेरिकन एक्सप्रेसचं, त्यावर कॉन्टॅक्टलेसची खूण असलेलं हवं, आणि परदेशातले व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधी चालू करून घ्यायला हवेत. हे राहून जातं आणि बसच्या दारात यंत्राचा लाल दिवा लागतो. परकीय चलनाचं शुल्क वाचवायचं असेल तर ऑयस्टर कार्ड बरं.

आठ वर्षांच्या नातवंडाला बस फुकट, कार्ड लागत नाही. बारा वर्षांच्या पाहुण्या मुलासाठी ऑयस्टर घेऊन मेट्रो स्टेशनवरच्या कर्मचाऱ्यांकडून त्यावर 'यंग व्हिजिटर' सवलत चढवून घ्या. चौदा दिवसांपर्यंत अर्धं भाडं पडतं.

प्रश्न : एका दुपार-संध्याकाळीत मध्य लंडनमधली भुतं बघायची तर नेमका मार्ग सांगा. (एक वाचक, हाउन्स्लो)

१५ नंबर आणि ९ नंबर. या दोन बस लक्षात ठेवल्या की झालं.

दुपारी बाराच्या सुमारास टॉवर ऑफ लंडन गाठा. राजा आठव्या हेन्रीची दुसरी राणी ॲन बुलिन हिचा १९ मे १५३६ रोजी इथेच शिरच्छेद झाला आणि आवारातल्याच सेंट पीटर ॲड विंक्युला या चॅपलमध्ये तिला पुरलं. तिचं शिर नसलेलं भूत फिरतं ही दंतकथा, पण ती थडग्याची जागा खरी आहे आणि आत जाऊन बघता येते.

मराठी माणसाला जास्त भिडेल ती मात्र दोन राजपुत्रांची गोष्ट. १४८३ साली बारा वर्षांचा राजा पाचवा एडवर्ड आणि त्याचा नऊ वर्षांचा भाऊ रिचर्ड यांना टॉवरमध्ये ठेवलं होतं, ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत. गादीवर बसला त्यांचा काका, तिसरा रिचर्ड. १६७४ मध्ये व्हाइट टॉवरच्या एका जिन्याखाली दोन लहान मुलांचे सांगाडे सापडले. ते त्यांचेच, असं मानून वेस्टमिन्स्टर ॲबीत ठेवले गेले. खून कुणी केला याचा निकाल इतिहासकारांमध्ये आजही लागलेला नाही. शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा खून झाला आणि 'काका, मला वाचवा' ही हाक पुणेकरांच्या कानात राहिली, तसंच इथे दोन पोरांच्या हुंदक्यांचं आहे. ब्लडी टॉवर नावाचा बुरूज त्यांच्या नावाने दाखवतात. तिथला जिना अरुंद आणि चढा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच थांबावं. आवारात दगडी फरसबंदी आहे, त्यामुळे घट्ट बुटांशिवाय जाऊ नका.

चार-साडेचारला बाहेर पडा, चहा घ्या आणि सव्वापाचच्या सुमारास ट्रॅफल्गर स्क्वेअरकडे जाणारी १५ पकडा. थांब्याच्या खांबावर वर एक अक्षर असतं. फोनवरचं ॲप तेच अक्षर दाखवतं, ते जुळवून बघा. रस्त्याच्या चुकीच्या बाजूला उभे राहिलात तर ब्लॅकवॉलला पोचाल. बस दिसली की हात दाखवा. सेंट पॉल्स आणि फ्लीट स्ट्रीट ओलांडून ती ऑल्डविचला येते. साधारण अर्धा तास लागतो, गर्दीत आणखी दहा मिनिटं.

ऑल्डविचहून तीन मिनिटांवर कॅथरिन स्ट्रीटला थिएटर रॉयल ड्रुरी लेन आहे. या जागेवरचं पहिलं नाट्यगृह १६६३ चं, आजची इमारत १८१२ ची. इथल्या भुताला 'करड्या कपड्यांतला माणूस' म्हणतात : तिकोनी टोपी, पावडर लावलेला केसांचा टोप, लांब झगा. तो रात्री नाही, दिवसाउजेडी वरच्या बाल्कनीत दिसतो अशी ख्याती आहे. तालमीच्या वेळी दिसला तर नाटक चालणार अशी नटमंडळींची श्रद्धा, त्यामुळे तो दिसावा म्हणून लोक वाट बघतात. एकोणिसाव्या शतकात तिथल्या भिंतीआड बरगडीत सुरा रुतलेला सांगाडा सापडला असं सांगतात आणि गोष्टीचं मूळ तिथे जोडतात. रंगमंचाच्या सहली दिवसा असतात. संध्याकाळी दर्शनी भाग आणि बाजूची खांबांची ओळ बाहेरून बघा, दहा-पंधरा मिनिटं पुरेत.

आता घड्याळ बघा. १५ मध्ये सव्वापाचला टॅप केलं असेल तर सव्वासहाच्या आत हॅमरस्मिथकडे जाणारी ९ नंबर पकडा, तिकीट पडणार नाही. ग्रीन पार्कला उतरून पाच मिनिटं चाललं की बर्कली स्क्वेअर. पश्चिमेकडच्या रांगेत ५० नंबरचं घर आहे. एकेकाळी 'लंडनमधलं सगळ्यात झपाटलेलं घर' म्हणून त्याची ख्याती होती. वरच्या मजल्यावरच्या खोलीत रात्र काढणारे मेले किंवा वेडे झाले अशा कथा एकोणिसाव्या शतकात छापून येत. त्यामागचं कारण बरंच साधं असावं : १८७० च्या दशकात तिथे एक एकलकोंडा गृहस्थ राहत होता, त्याने घराची देखभाल सोडून दिली होती, आणि काजळलेल्या खिडक्यांत रात्री दिवा हलताना दिसला की शेजारपाजारी कुजबुज होई. त्याआधी १८२७ साली पंतप्रधान झालेले जॉर्ज कॅनिंग या घरात राहून गेले. त्यांच्या नावाचा फलक आहे. १९३८ पासून २०१५ पर्यंत इथे जुन्या दुर्मीळ पुस्तकांचं दुकान होतं. घर खासगी आहे. समोरच्या बागेच्या कडेने बघा, पायऱ्यांवर चढू नका, घंटा वाजवू नका.

ज्यांना टॉवर अंधारातच आतून बघायचा आहे, त्यांच्यासाठी एक वाट आहे : 'सेरेमनी ऑफ द कीज'. रोज रात्री नऊ त्रेपन्नला मुख्य दरवाज्यांना कुलूप घालण्याचा हा सोहळा शतकानुशतकं चालत आलेला आहे. बसायला जागा नाही, फोटोला परवानगी नाही आणि मोजक्याच लोकांना घेतात. तिकीट स्वस्त, पण आधीच्या महिन्यात विक्री उघडली की बघता बघता संपतं. ऑक्टोबर अखेरचं हवं असेल तर सप्टेंबर उजाडताच संकेतस्थळावर लक्ष ठेवा.

प्रश्न : हायगेटच्या दफनभूमीतल्या पिशाच्चाबद्दल ऐकलं आहे. बसने जाता येतं का? शेजारी आपल्या लोकांनी बघण्यासारखं काही आहे का? (वाचक भगिनी, वेम्बली)

दोन्ही प्रश्नांना उत्तर 'हो'. हा मार्ग आमच्या मते लंडनमधला सगळ्यात सुंदर बसमार्ग आहे.

ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून ३९० नंबरने आर्चवेला या. तिथून २१० घ्या, ती हायगेट हिलचा चढ चढते. लॉडरडेल हाउसच्या थांब्यावर उतरलं की वॉटरलो पार्कमधून दफनभूमीच्या दाराशी उतरता येतं. ही बाग अंधार पडला की बंद होते, म्हणून येताना बागेतून आणि परतताना स्वेन्स लेनने वर गावात, असं ठरवा. स्वेन्स लेन खडी चढण आहे, अरुंद आहे आणि दिवे कमी आहेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर दिवस मावळायच्या आत वर या.

दफनभूमी १८३९ ची. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तिचे दोन भाग आहेत. पूर्वेला कार्ल मार्क्स आणि कादंबरीकार जॉर्ज एलियट, पश्चिमेला विद्युतशास्त्रज्ञ मायकल फॅरडे. इजिप्शियन कमान आणि गोलाकार थडग्यांची रांगही पश्चिम भागातच आहे. कवी-चित्रकार रोझेटी याने पत्नी एलिझाबेथ सिडल हिच्यासोबत पुरलेली आपल्या कवितांची वही १८६९ मध्ये थडगं उघडून परत काढवली, तेही इथेच. कुठल्याही भूतकथेपेक्षा ही खरी घटना जास्त अस्वस्थ करते.

पिशाच्चाची कथा मात्र अगदी अलीकडची. १९७० च्या सुमारास दफनभूमी ओसाड पडली होती, झाडोरा माजला होता, थडगी फुटली होती. १९७० च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर 'हायगेटचा व्हॅम्पायर' गाजला आणि शुक्रवार, १३ मार्च १९७० च्या रात्री भिंती चढून लोकांची झुंड आत घुसली. पुढे थडग्यांची विटंबनाही झाली. म्हणूनच इथले व्यवस्थापक भुताच्या नावाने येणाऱ्यांबद्दल सावध असतात. आजही इथे दफनविधी होतात. हॅलोविनचा वेश करून जाऊ नका, रात्री भिंतीवरून डोकावू नका.

आता आपल्या लोकांचं. हायगेट हिलपासून जवळच क्रॉमवेल ॲव्हेन्यू आहे. तिथलं ६५ नंबरचं घर म्हणजे श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ मध्ये उघडलेलं इंडिया हाउस. १९०६ मध्ये लंडनला आल्यावर विनायक दामोदर सावरकर इथेच राहिले. भिंतीवर त्यांच्या नावाचा निळा फलक आहे. आत लोक राहतात, त्यामुळे फुटपाथवरूनच बघायचं. हे घर उजेड असताना आधी करा, म्हणजे फलक वाचता येईल.

गावात वर आल्यावर पॉन्ड स्क्वेअरला पाच मिनिटं द्या. मांस बर्फाने टिकतं का हे बघण्यासाठी तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनने हायगेटला कोंबडीच्या पोटात बर्फ भरला, त्याच थंडीने आजारी पडून तो एप्रिल १६२६ मध्ये वारला, असं जॉन ऑब्री या चरित्रकाराने लिहून ठेवलं आहे. तेव्हापासून अर्धवट पिसं उपटलेली कोंबडी या चौकात गोल गोल धावताना दिसते म्हणे. लहान मुलांना हे भूत फार आवडतं, भीती अजिबात वाटत नाही.

पुन्हा २१० मध्ये बसा. केनवुडच्या रानाच्या कडेने बस स्पॅनिअर्ड्स इन या जुन्या पबपाशी येते. इथे रस्त्याच्या एका बाजूला पब आणि दुसऱ्या बाजूला जुनं जकात नाकं उभं आहे, मधून एकच वाहन जाईल एवढी फट. समोरून गाडी आली की बस थांबून राहते, आणि तुम्हाला काचेतून नाक्याच्या विटा हाताच्या अंतरावर दिसतात. १७३९ मध्ये यॉर्कला फाशी गेलेला दरोडेखोर डिक टर्पिन इथे घोड्यावरून फिरतो अशी वदंता आहे. डाव्या-उजव्या बाजूचं काही चुकू नये म्हणून खिडकीची जागा धरा.

२१० पुढे गोल्डर्स ग्रीनला जाते. तुम्ही वेम्बलीच्या, तेव्हा तिथून ८३ नंबर सोयीची. हॅरोच्या मंडळींना १८३. मध्य लंडनला परतायचं तर १३.

प्रश्न : लंडनमध्ये बसचंच भूत आहे म्हणतात, ते कुठे? (एक विद्यार्थी, लंडन)

नॉर्थ केन्सिंग्टनमध्ये, सेंट मार्क्स रोड आणि केम्ब्रिज गार्डन्स जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर. १९३४ च्या सुमारास इथे एक मोटारचालक अपघातात मेला. त्यानंतर काहींनी सांगितलं की रात्री सव्वाच्या सुमारास ७ नंबरची लाल बस, दिवे लागलेले पण ड्रायव्हर नाही, सरळ अंगावर येते आणि वळवलं की नाहीशी होते. कोपरा आंधळा होता, समोरचं वाहन शेवटच्या क्षणी दिसे. पुढे रस्ता रुंद आणि सरळ केला, त्यानंतर बस दिसेनाशी झाली असं सांगतात. वेगात आलेल्या चालकाला आपल्या चुकीसाठी भुताची साक्ष सोयीची पडली असेल, असा आमचा अंदाज.

जायला ऑक्सफर्ड सर्कसहून ७ नंबर घ्या, लॅडब्रोक ग्रोव्ह स्टेशनजवळ उतरा आणि थोडं चाला. रात्री उशिरा गेलात तर ७ नसते, तिच्या जागी एन ७ धावते. वस्ती आहे, आवाज करू नका आणि फोटोसाठी रस्त्याच्या मधोमध उभे राहू नका. वाहनं आजही वळतात.

प्रश्न : काळ्या रंगाची 'घोस्ट बस' असते ती घ्यावी की साधी बस? (एक वाचक, मुंबई)

दोन्हींचा हेतू वेगळा. घोस्ट बस टूर्स ही जुन्या रूटमास्टर बसमधली, नटाच्या जोडीने चालणारी साधारण सव्वा तासाची विनोदी-भयाची सहल आहे. ती रात्री मध्य लंडनमध्ये फिरते, बस थांबवून तुम्हाला कुठे आत नेत नाही. इंग्रजी विनोद पटकन समजणाऱ्या तरुणांना मजा येईल, तिकीट मात्र साध्या बसच्या कित्येक पट. हॅलोविनच्या आठवड्यात जागा आधीच भरतात. ज्यांना उतरून, चालून, फलक वाचून बघायचं आहे त्यांना साधी बसच बरी.

प्रश्न : रात्री बसमधून काढलेले फोटो सगळे धुरकट आणि विचित्र गोळ्यांचे येतात. काय करावं? (एक छायाचित्रकार वाचक, नाशिक)

आत दिवे लागलेले असतात आणि बाहेर काळोख असतो, त्यामुळे काच आरशासारखी वागते. वरच्या मजल्यावर अगदी पुढची बाक धरा, लेन्स काचेला थेट टेकवा, भोवती काळा मफलर किंवा तळहात धरा, फ्लॅश बंद करा. थंडीत श्वासाने काच धुकते, दर दोन-तीन थांब्यांनी कोरड्या रुमालाने पुसा. बस चालू असताना फोटो हलतो, सिग्नलला थांबली की काढा. ते गोळे म्हणजे फ्लॅशने उजळलेले धुळीचे कण आणि पावसाचे थेंब असतात.

लंडनमधलं सगळ्यात प्रसिद्ध भुताचं छायाचित्रही असंच अभ्यासण्यासारखं आहे. १९६६ मध्ये कॅनडातून आलेल्या एका निवृत्त धर्मगुरूंनी ग्रिनिचच्या क्वीन्स हाउसमधल्या ट्युलिप जिन्याचा फोटो घेतला. परतल्यावर त्यात झग्यातली आकृती कठडा धरून चढताना दिसली. मंद उजेडामुळे शटर काही सेकंद उघडं होतं. तेवढ्या वेळात कुणी भराभरा जिना चढून गेलं असेल तर अर्धपारदर्शक, लांबट छाप उमटते. तिपाईवर कॅमेरा ठेवून घरच्या जिन्यावर चार सेकंदांचा फोटो काढून बघा, हुबेहूब तसंच भूत मिळेल. क्वीन्स हाउसला प्रवेश फुकट आहे आणि हा जिना खालून वर बघताना फार देखणा दिसतो.

प्रश्न : मुलांना वेश घालून बसमध्ये नेता येईल का? (एक आई, क्रॉयडन)

खुशाल न्या, त्या संध्याकाळी बसमध्ये निम्मी मुलं चेटकिणीच असतात. फक्त पूर्ण तोंड झाकणारे मुखवटे चढताना-उतरताना काढा. त्यांतून पायरी दिसत नाही आणि वरच्या मजल्याच्या जिन्यावर बस सुटली की तोल जातो. लांब झगे गुडघ्याच्या खाली नकोत. खोटं रक्त वाळल्याशिवाय बसायचं नाही, सीटच्या कापडाला लागलं तर निघत नाही. खऱ्यासारखी दिसणारी सुरी किंवा कोयता अजिबात नको, पोलीस थांबवू शकतात. फोमची किंवा प्लास्टिकची, लांबूनच खेळणं वाटेल अशी असू द्या. आणि सोबतच्या मोठ्यांसाठी : १ जून २००८ पासून लंडनच्या बसमध्ये दारू पिणं किंवा उघडी बाटली बाळगणं बंद आहे.

बाबागाडी मधल्या मोकळ्या जागेत लावा. चाकाच्या खुर्चीतली व्यक्ती आली तर ती जागा आधी त्यांची, गाडी दुमडावी लागते.

प्रश्न : आमच्याकडे २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावतात. लंडनच्या दफनभूमीत हॅलोविनला तसं केलं तर चालेल का? (एक वाचक, वसई)

तुमच्या परंपरेचा आणि हॅलोविनचा उगम एकाच मालिकेत आहे : ३१ ऑक्टोबर ही सर्व संतांच्या दिवसाची पूर्वसंध्या, १ नोव्हेंबर संतांचा दिवस आणि २ नोव्हेंबर मृतात्म्यांचा. वसईत आणि गोव्यात हा दिवस जसा मनोभावे पाळतात तसा हायगेटसारख्या जागी सार्वजनिकपणे होत नाही. तिथे अनोळखी कबरीवर मेणबत्ती पेटवू नका. वाळलेल्या पानांनी आग लागू शकते आणि ती कबर कुणा कुटुंबाची खासगी जागा आहे. आपल्या कुणाची कबर असेल तर त्या दफनभूमीचे नियम विचारून घ्या. प्रार्थनेसाठी जवळच्या कॅथलिक चर्चमध्ये २ नोव्हेंबरची मिस्सा गाठा.

प्रश्न : रात्री उशीर झाला तर घरी कसं पोचायचं? (एक वाचक, हॅरो)

ट्रॅफल्गर स्क्वेअरला या. रात्रीच्या बहुतेक बस तिथून किंवा आसपासून निघतात, त्यांच्या नंबराआधी 'एन' असतो. हॅरोकडे एन १८, हाउन्स्लो आणि हीथ्रोकडे एन ९ (ही ऑल्डविचहून), साउथॉल-अक्सब्रिजकडे एन २०७ (ती होबर्नहून). भाडं दिवसाइतकंच आणि हॉपरही लागू. ३१ ऑक्टोबर शुक्रवारी किंवा शनिवारी आला तर मेट्रोच्या काही मार्गांवर रात्रभर गाड्या असतात : व्हिक्टोरिया, ज्युबिली, सेंट्रल, नॉर्दर्न आणि पिकॅडिली, त्यांतल्या शेवटच्या तिन्हींचे काही भागच. इतर वारी बसवरच भिस्त.

त्या रात्री वेस्ट एंडमध्ये तुफान गर्दी असते आणि बस भरली की ड्रायव्हर थांब्यावर न थांबता पुढे जातो. म्हणून मधल्या थांब्यावर ताटकळण्यापेक्षा बस जिथून सुटते तिथे दोन थांबे मागे चालत जा, बसायला जागा मिळेल. रस्ते बंद असल्यास थांब्यावर पिवळी सूचना लावलेली असते, ती वाचा. सोबत वयस्कर असतील तर खालच्या मजल्यावर पुढे बसा, एक जाड जाकीट आणि पावसाची टोपी जवळ ठेवा, आणि फोन निदान तीस टक्के भरलेला असू द्या. भाडं त्याच फोनने भरत असाल तर बॅटरी संपल्यावर घरी परतायचं कार्डही गेलं समजा.